कॅसल आणि हार्परला हात लावू नका : सॅन अँटोनियो स्पर्सच्या व्यवस्थापनाला खुले पत्र

ऑगस्ट २०२५

माननीय ग्रेग पॉपोविच, आर. सी. ब्युफर्ड आणि ब्रायन राइट यांस,

स. न. वि. वि.

जूनमधल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, डिलन हार्परच्या डोक्यावर स्पर्सची टोपी चढून अजून दोन महिनेही झालेले नाहीत, आणि त्याला कोणाच्या बदल्यात देऊन टाकायचं याचे हिशोब लोकांनी मांडायला घेतले आहेत. जूनमध्ये केविन ड्युरॅन्टचं नाव चालू होतं. तो ह्यूस्टनला गेला, तर आता यानिस अँटेटोकुम्पोचं नाव निघतंय. उद्या आणखी कोणाचं मन त्याच्या संघातून उडेल, आणि नवं नाव घालून तोच हिशोब पुन्हा समोर येईल. स्टेफॉन कॅसल द्या, हार्पर द्या (तुमचे दोन तरुण गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारे), पगार जुळवायला डेव्हिन वसेल किंवा केल्डन जॉन्सन द्या, वर पहिल्या फेरीच्या चार-पाच ड्राफ्ट पिक, म्हणजे येत्या ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचे हक्क, द्या, आणि बदल्यात व्हिक्टर वेम्बान्यामाच्या शेजारी उभा करायला एक मोठा माणूस आणा.

असा सौदा करू नका, हे सांगायला हे पत्र लिहितो आहे. तुमच्या संघाने मला बास्केटबॉल बघायला शिकवलं आहे, म्हणून हक्काने लिहितो.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. येणारा माणूस जाणाऱ्या मुलांपेक्षा आज मोठा खेळाडू असणार, यात वादच नाही. यानिस दोनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला आहे, २०२१ ची फायनल त्याने शेवटच्या सामन्यात ५० गुण करून जिंकून दिली. कॅसल अजून २१ वर्षांचाही नाही आणि त्याचा बाहेरून नेम कच्चा आहे. हार्परने तर एनबीएचा एकही सामना खेळलेला नाही. एकाला एक लावून तुलना केली तर हा सौदा नेहमीच फायद्याचा दिसतो. पण ती तुलना लावायची पद्धतच मला चुकीची वाटते, आणि ते मला तुमच्याच इतिहासामुळे कळलं.

२०१३ च्या फायनलचा सहावा सामना. आमच्याकडे सकाळ होती, ऑफिसला जायची वेळ टळून चालली होती आणि मी बूट घालून टीव्हीसमोर उभा होतो. सातपैकी चार सामने जिंकायच्या मालिकेत तुम्ही ३-२ पुढे होतात, सामन्यात २८ सेकंद उरले होते आणि हातात ५ गुणांची आघाडी होती. मायामीच्या कोर्टभोवती पिवळा दोर घेऊन माणसं येऊन उभी राहिली होती, ट्रॉफी द्यायची तयारी म्हणून. मानू जिनोबिलीचा एक फ्री थ्रो चुकला होता, मग कावाय लेनर्डचा एक चुकला, टिम डंकन त्या क्षणी बेंचवर होता, रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू, मायामीच्या ख्रिस बॉशच्या हाती गेला, आणि रे ॲलन मागे मागे सरकत कोपऱ्यात पोचला. ५.२ सेकंद बाकी असताना त्याच्या तीन गुणांच्या शॉटने बरोबरी झाली. तो सामना गेला, सातवाही गेला. सातव्यात डंकनचा बास्केटजवळचा हातचा शॉट चुकला आणि परत धावताना त्याने दोन्ही हात जमिनीवर आपटले, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

त्या उन्हाळ्यात डंकन ३७ वर्षांचा होता, जिनोबिली ३६ ला टेकला होता, पार्कर ३१ चा. यांचा काळ संपला असं जो तो म्हणत होता. मोडायचाच असता तर संघ मोडायला त्याहून सबळ कारण कुणाला मिळणार? आणि तुम्ही काय केलंत? जिनोबिलीशी पुन्हा करार केला, टियागो स्प्लिटरशी केला, मार्को बेलिनेलीला आणलं, आणि जवळपास तीच माणसं घेऊन ऑक्टोबरात पुन्हा सुरुवात केलीत.

पुढचा हंगाम मी आयुष्यात पाहिलेलं सर्वांत सुंदर बास्केटबॉल आहे. ६२ विजय, आणि संपूर्ण हंगामात एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत पोचली नाही. संघात सर्वाधिक गुण करणाऱ्या पार्करची सरासरी १७ पेक्षा कमी. फायनलमध्ये पुन्हा तीच मायामी, आणि या वेळी ४-१. तिसऱ्या सामन्याच्या पहिल्या अर्ध्यात तुमच्या माणसांचे ७५ टक्क्यांहून जास्त शॉट आत पडले. लोकांना तो आकडा आठवतो, मला ते शॉट कसे तयार झाले ते आठवतं. पार्कर डंकनने अंगाने केलेल्या आडोशावरून (स्क्रीन) वळायचा, बचाव करणारे दोघे त्याच्याकडे ओढले जायचे, चेंडू मधे उभ्या असलेल्या बोरिस डिआवकडे यायचा. डिआव तो धरून ठेवत नसे. त्याच्यावर धावून येणाऱ्याने अर्धं पाऊल टाकलेलं असायचं तोवर चेंडू कोपऱ्यात डॅनी ग्रीनकडे गेलेला असायचा. आणि ग्रीनवर कोणी झेपावलं की तो तिथूनही पुढे, पॅटी मिल्सकडे. मिल्स कुठे असेल हे बघायला ग्रीन मान वळवत नसे. त्याला माहीत असायचं.

हे माहीत असणं कुठल्याही ट्रेडमध्ये मिळत नाही. डिआवला शार्लटने २०१२ मध्ये सोडून दिलं होतं. ग्रीनला क्लीव्हलंडने सोडलं होतं, तुम्हीही सोडलं होतंत आणि मग परत बोलावलंत. एकेकट्याची किंमत लावली असती तर यांच्यासाठी कोणी पिक मोजली नसती. पण तीन-चार वर्षं एकत्र राहून, एकत्र हरून, एकमेकांच्या सवयी अंगात मुरवून ती माणसं जे झाली होती ते मायामीच्या लब्रॉन, वेड आणि बॉश यांना भारी पडलं. संघाची घडी बसायला वर्षं लागतात. ती विस्कटायला मात्र एक फोन पुरतो.

आता तुम्ही म्हणाल, आणि हक्काने म्हणाल, की आम्हीही आवडता माणूस दिला होता. २०११ च्या ड्राफ्टच्या रात्री जॉर्ज हिल इंडियानाला गेला. पॉपोविच सरांचा त्याच्यावर किती जीव होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि त्याच्या बदल्यात आलेल्या १५ व्या पिकमधून लेनर्ड मिळाला, जो २०१४ च्या फायनलचा एमव्हीपी झाला. तेव्हा माणूस कधीच द्यायचा नाही असं मी म्हणत नाही. पण त्या सौद्यात कोण कुठे गेलं ते नीट पाहिलं पाहिजे. हिलच्या जागी खेळायला पार्कर होता. एकच माणूस गेला, संघाचा कणा हलला नाही. आणि २५ वर्षांचा देऊन तुम्ही विशीला टेकलेला घेतलात, म्हणजे माणूस देऊन वर्षं विकत घेतलीत. आज जो सौदा तुमच्या गळ्यात मारला जातोय तो नेमका उलटा आहे. त्यात वर्षं द्यायची आहेत आणि वय घ्यायचं आहे.

आणि अशा सौद्यात समोरच्या बाजूला बसल्यावर काय मिळतं, हे तर तुमच्याइतकं ताजं कोणाला ठाऊक असणार? जून २०२२ मध्ये अटलांटाला ट्रे यंगच्या जोडीला एक मोठा गार्ड हवा होता. वर्षभरापूर्वीच ते ईस्टच्या, म्हणजे लीगच्या पूर्व गटाच्या, फायनलपर्यंत पोचले होते, एकाच माणसाची कमी आहे असं त्यांना वाटलं. डिजाँटे मरी नुकताच ऑल-स्टार झालेला. तुम्ही त्याला दिलंत आणि घेतलंत काय, तर पहिल्या फेरीच्या तीन पिक आणि २०२६ मध्ये दोघांच्या पिकमधली चांगली ती घेण्याचा, म्हणजे अदलाबदलीचा हक्क. मरी आणि यंग यांचं जमलं नाही. दोघांनाही चेंडू हातात हवा होता. दोन हंगामांनंतर अटलांटाने मरीला न्यू ऑर्लिन्सला पाठवलं. २०२५ मध्ये ते प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीला, मुकले, आणि मुकल्याबद्दल मिळणारी त्यांची पिक तुमच्या खिशात होती. त्या १४ व्या पिकवर तुम्ही कार्टर ब्रायंटला घेतलंत. २०२७ ची अजून यायची आहे.

अटलांटातली माणसं मूर्ख नव्हती. मरी चांगलाच खेळाडू आहे. चूक झाली ती एकच : आपण कुठवर आलो आहोत याचा त्यांचा अंदाज चुकला. एक चांगला प्लेऑफ म्हणजे आपण दारात पोचलो असं त्यांनी धरलं आणि पुढची वर्षं देऊन बसले.

त्या सौद्यात पगार जुळवायला अटलांटाने तुमच्याकडे डॅनिलो गॅलिनारीला पाठवलं होतं. त्या बिचाऱ्याचा प्रवास बघितला तरी हा सगळा विषय समजतो. २०११ मध्ये न्यूयॉर्कने कार्मेलो अँथनीसाठी जी तरुण मंडळी डेन्व्हरला दिली त्यात गॅलिनारी होता. २०१९ मध्ये क्लिपर्सनी पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमा सिटीला जे दिलं त्यातही तो होता. तीनदा तो कोणाच्या तरी मोठ्या स्वप्नाची किंमत म्हणून गेला आणि तिन्ही वेळा स्वप्न बघणाऱ्याच्या हाती ट्रॉफी आली नाही. अँथनी तर काही महिन्यांत करार संपून मोकळाच होणार होता, तरी न्यूयॉर्कला धीर धरवला नाही. त्याच्या सगळ्या वर्षांत त्यांनी प्लेऑफची एकच मालिका जिंकली. त्या सौद्यात पिक बदलून घेण्याचा जो हक्क डेन्व्हरला मिळाला होता, त्यातून २०१६ मध्ये सातव्या क्रमांकावर जमाल मरी आला. २०२३ मध्ये तो डेन्व्हरमध्येच योकिचच्या बरोबरीने चॅम्पियन झाला.

क्लिपर्सची गोष्ट तुम्हाला अधिक लागेल, कारण तिच्या मुळाशी तुमचाच लेनर्ड आहे. त्याला यायचं होतं, पण जोडीला पॉल जॉर्ज हवा होता. क्लिपर्सनी शे गिल्जस-अलेक्झांडर दिला. एकच हंगाम खेळलेला पोरगा, तेव्हा २० वर्षांचा, ११ व्या पिकवर आलेला. वर पहिल्या फेरीच्या ५ पिक आणि अदलाबदलीचे २ हक्क. त्या दिवशी बहुतेक सगळे म्हणाले, किंमत जबर आहे पण दोन असे खेळाडू मिळत असतील तर द्यावीच. माझंही मत तेच होतं, हे मी लपवत नाही. क्लिपर्स एकदा, २०२१ मध्ये, वेस्टच्या फायनलपर्यंत गेले. जॉर्ज २०२४ मध्ये फिलाडेल्फियाला निघून गेला आणि त्याच्या बदल्यात त्यांना काहीच मिळालं नाही. ओक्लाहोमात शे २०२५ चा एमव्हीपी झाला, फायनलचाही एमव्हीपी झाला, आणि त्याच्या शेजारी जो जेलन विल्यम्स खेळत होता तो क्लिपर्सच्याच एका पिकमधून आलेला होता.

कॅसल आणि हार्पर असेच होतील असं मी म्हणत नाही. कदाचित होणार नाहीत. पण २० वर्षांच्या गार्डकडे बघून तो २६ व्या वर्षी काय असेल हे तुम्हालाही सांगता येणार नाही. आणि ते सांगता येत नसताना, ते बघायची सोय स्वतःच्या घरात असताना, ती सोय दुसऱ्याला का द्यायची?

ज्यांचं फळलं त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. २००७ मध्ये बॉस्टनने अल जेफरसनसह ५ खेळाडू आणि २ पिक देऊन केविन गार्नेटला आणलं आणि २००८ मध्ये ट्रॉफी उचलली. २०१९ मध्ये लेकर्सनी ब्रँडन इन्ग्रम, लॉन्झो बॉल, जॉश हार्ट आणि ड्राफ्ट पिकचा ढीग देऊन अँथनी डेव्हिसला घेतलं, पुढच्याच वर्षी जिंकले. आणि टोरोंटोने तुमच्याकडूनच लेनर्ड नेला. त्यासाठी डिमार डिरोझनला दिलं, ज्याने त्या शहराला आपलं मानलं होतं. लेनर्ड एकच वर्ष राहिला, पण त्या वर्षात फिलाडेल्फियाविरुद्धच्या सातव्या सामन्यात त्याचा शेवटचा शॉट रिंगवर चार वेळा टप्पे खाऊन आत पडला आणि टोरोंटोला त्यांची पहिली ट्रॉफी मिळाली. तो सौदा बरोबरच होता. टोरोंटोच्या जागी मी असतो तर मीही केला असता.

पण या तिन्ही ठिकाणी घड्याळ कुठे आलं होतं ते बघा. बॉस्टनचा पॉल पिअर्स तिशीला टेकला होता. लेकर्सचा लब्रॉन ३४ वर्षांचा होता. टोरोंटोचा संघ दर हंगामात जिंकून दर प्लेऑफमध्ये क्लीव्हलंडकडून हरून थकला होता, त्याच माणसांकडून आणखी काही निघेल अशी आशा उरली नव्हती. त्यांच्याकडे माणसं होती, वेळ नव्हता. त्यांनी भविष्य दिलं, कारण ज्याच्याभोवती संघ उभा होता त्यालाच त्या भविष्याचा उपयोग नव्हता.

वेम्बान्यामा २१ वर्षांचा आहे. दोन हंगाम खेळून झालेत, दोन्हींत त्याने लीगमध्ये सर्वाधिक ब्लॉक केले. कॅसल त्याच्याहून दहा महिन्यांनी लहान, हार्पर दोन वर्षांनी. तिघं एकाच वयात एकाच वेळी मोठे होणार आहेत. असं जुळून येणं कुणाच्या हातात नसतं. तुम्हाला ते ड्राफ्टच्या लॉटरीत, म्हणजे मागे पडलेल्या संघांच्या पिकचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत, मिळालं आणि त्यासाठी तुमच्या प्रेक्षकांनी सलग दोन वर्षं २२ विजय आणि ६० पराभव सोसले.

सगळ्यात अवघड मुद्दा आता घेतो. फेब्रुवारीत वेम्बान्यामाच्या उजव्या खांद्यात रक्ताची गुठळी सापडली आणि त्याचा हंगाम ४६ सामन्यांवर थांबला. ती बातमी वाचली त्या दिवशी माझं कशात लक्ष लागलं नाही. जुलैत त्याला खेळायची परवानगी मिळाली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तेव्हापासून एक युक्तिवाद जोर धरतोय : सव्वासात फुटांचं शरीर, किती वर्षं साथ देईल कोण जाणे, तेव्हा आहे तोवर जिंकून घ्या. मला ही भीती कळते. मलाही ती आहे. पण त्या भीतीवरचा उपाय म्हणून सांगतात ते धोका वाढवणारं आहे. समजा कॅसल, हार्पर आणि पिक देऊन तुम्ही तिशीतला एक मोठा खेळाडू आणलात, आणि दोघांतला एक जण हंगामभर बाहेर बसला. मग उरतं काय? मिलवॉकीला विचारा. २०२३ मध्ये त्यांनी ज्रू हॉलिडेला देऊन डेमियन लिलार्डला आणलं. दोन वर्षं प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बाद झाले, कधी यानिस जायबंदी तर कधी लिलार्ड. गेल्या एप्रिलमध्ये लिलार्डच्या टाचेमागचा स्नायुबंध (अकिलीस) तुटला आणि जुलैत त्यांनी त्याचा करार मोडून त्याला सोडून दिलं. हॉलिडे तेवढ्यात बॉस्टनमध्ये चॅम्पियन होऊन मोकळा झाला होता. फिनिक्सने ड्युरॅन्टसाठी मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि ४ पिक दिल्या, आणि २०२५ मध्ये ३६ विजयांवर हंगाम संपवून प्लेऑफबाहेर बसले. पडल्यावर हात टेकायला जमीनच ठेवली नव्हती. वेम्बान्यामाच्या तब्येतीची काळजी असेल तर त्याच्या आजूबाजूला जास्त माणसं हवीत, कमी नकोत. तो नसेल त्या रात्री चेंडू पुढे नेणारं कोणीतरी घरात पाहिजे.

पैशाचं गणित मी थोडक्यात मांडतो, तुमच्यासमोर ते जास्त सांगणं बरं नव्हे. २०२५-२६ साठी पगाराची मर्यादा सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे आणि दुसरा एप्रन, म्हणजे जिच्यावर खर्च गेला की कडक बंधनं लागतात ती रेषा, सुमारे २० कोटी ७८ लाखांवर. डीॲरन फॉक्सशी तुम्ही नुकताच ४ वर्षांचा मोठा करार केला आहे. वेम्बान्यामाचा पुढच्या उन्हाळ्यात होईल. त्यांच्या बाजूला मर्यादेच्या ३५ टक्के घेणारा तिसरा आणून बसवला तर उरलेल्या बारा जणांसाठी हातात काय राहतं? दुसऱ्या एप्रनच्या वर गेलं की दोन पगार एकत्र करून एक खेळाडू घेता येत नाही, ट्रेडमध्ये रोख देता येत नाही, सात वर्षांनंतरची पिक गोठते. खुद्द बॉस्टनने ट्रॉफी जिंकल्यावर एका वर्षात हॉलिडे आणि पोर्झिंगिसला सोडलं, ते याच ओझ्यापायी. उलट कॅसल २०२८ पर्यंत आणि हार्पर २०२९ पर्यंत नवोदितांच्या पगारावर आहेत. म्हणजे पुढची तीन वर्षं तुमचे हात मोकळे आहेत. ते स्वतःहून बांधून घेऊ नका.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. फॉक्स, कॅसल आणि हार्पर तिघेही चेंडू हातात घेऊन आत घुसणारे आहेत, तिघांपैकी एकाचाही बाहेरून भरवसा नाही, आणि बचाव करणारे सगळे आत गर्दी करून उभे राहिले तर वेम्बान्यामाला वळायला जागा उरणार नाही. ही अडचण आहे. पण ती खरोखर किती मोठी आहे हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. फेब्रुवारीत फॉक्स आला त्यानंतर तो आणि वेम्बान्यामा एकत्र फक्त ५ सामने खेळले. पाच. हार्पर त्यांच्याबरोबर एकही नाही. न पाहिलेल्या संघाची दुरुस्ती कशी करायची?

शिवाय एका संघात चेंडू हाताळणारे जास्त झाले तर काय करायचं, हे जगाला शिकवलं तुम्ही. जिनोबिली दुसऱ्या कुठल्याही संघात पहिल्या मिनिटापासून खेळला असता. पॉपोविच सरांनी त्याला बेंचवर बसायला सांगितलं आणि तो बसला, वर्षानुवर्षं बसला, २००८ मध्ये बेंचवरून येणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा सिक्स्थ मॅन पुरस्कारही घेतला. मिच जॉन्सन आता कोच आहेत, त्यांनाही हे सगळं ठाऊक आहे. हार्परला पहिलं वर्ष दुसऱ्या फळीचा सूत्रधार करता येईल. कॅसलचा खरा दागिना त्याचा बचाव आहे. तो मोठ्या गार्डना अंगाला अंग लावून रोखतो, त्याला सतत चेंडू हातात लागत नाही. शॉटचं म्हणाल तर लेनर्डही कॉलेजातून आला तेव्हा लोक त्याच्या नेमावर हसत होते. तुमच्याच माणसांनी त्याच्या मनगटावर आणि हातांच्या ठेवणीवर मेहनत घेतली होती.

नेमबाज आणायचे असतील तर आणा, त्यासाठी ट्रेड जरूर करा. फॉक्सला आणलंत तेव्हाही कॅसल आणि वसेल हातचे जाऊ दिले नव्हतेत, ते मला फार आवडलं होतं. बॉस्टनने हेच केलं. टेटम आणि ब्राउन यांना तोडा असं त्यांना किती वर्षं सांगत होते. २०२२ ची फायनल हरले, २०२३ मध्ये मायामीकडून स्वतःच्या कोर्टवर सातवा सामना हरले, तरी ते दोघे तिथेच राहिले. आणि त्यांच्याभोवती एकेक नीट बसणारा माणूस येत गेला. त्यातला एक डेरिक व्हाइट. त्याला २९ व्या पिकवर शोधलं होतं तुम्ही, आणि २०२२ मध्ये दिलंतही तुम्हीच. तो सौदा झाला तेव्हा त्याची कुठे मोठी बातमी झाली नव्हती.

केल्डन जॉन्सनबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पत्र संपवता येणार नाही. लेनर्ड गेला तेव्हा टोरोंटोकडून जी पिक आली तिच्यावर तो २०१९ मध्ये आला. म्हणजे एका मोठ्या खेळाडूने साथ सोडल्यावर जे थेट तुमच्या पदरात पडलं, त्यातला आज संघात उरलेला हा एकटाच आहे. सगळे पडते दिवस त्याने काढले, सलग १८ पराभव पाहिले, सुरुवातीच्या पाचांतून त्याला बेंचवर नेलं तेव्हाही तो तसाच उड्या मारत मैदानात यायचा. हिशोबाच्या कागदावर तो 'पगार जुळवायला' या रकान्यात असतो. मला त्या रकान्यात त्याचं नाव वाचवत नाही. नवीन पोरांना या संघात कसं वागायचं हे कोण दाखवत असेल, तर तो दाखवत असेल.

मी हटवादी नाही. २०२९ साल उजाडलं, वेम्बान्यामा २५ च्या पुढे गेला, तुम्ही दोनदा फायनलच्या उंबरठ्यावरून परतलात, आणि हे दोन गार्ड इथून पुढे वाढणार नाहीत असं तुम्हाला रोज सराव पाहून दिसलं, तर द्या. त्या दिवशी तुम्ही दोघांना पुरतं ओळखत असाल, आपण नक्की काय देतो आहोत हे तुम्हाला माहीत असेल, आणि मी त्याविरुद्ध पत्र लिहिणार नाही. आज मात्र तुम्ही बंद पेटी विकायला काढाल, आणि तुमची माणसं चांगली घडतात हे ठाऊक असणारे २९ संघ ती घ्यायला रांगेत उभे राहतील.

ऑक्टोबरात हंगाम सुरू होईल. कॅसल आणि हार्पर पहिल्यांदा एकत्र उतरतील तेव्हा बहुधा एकमेकांच्या वाटेत येतील. एक जण चेंडू मागेल, दुसऱ्याने तो आधीच वेम्बान्यामाच्या डोक्यावरून भिरकावलेला असेल. चार-पाच सोपे सामने हातचे जातील आणि फोन पुन्हा वाजायला लागतील. डिसेंबरात कधीतरी हार्पर मान न वळवता कोपऱ्यात पास देईल आणि कॅसल तिथे असेल. तो पास मला बघायचा आहे, तुमच्या रंगाच्या कपड्यांत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
स्पर्सचा एक जुना चाहता